वेल्हे ते भोर, बरोबरीनं

कॉलेजच्या अंकाच्या संपादकांनी प्रवासवर्णन मागितले तेव्हा मी आधी नाही म्हणालो. प्रवासवर्णन लिहिणारी माणसे काश्मीरला जातात, विलायतेला जातात. मी नाताळच्या सुट्टीत एस.टी.ने वेल्ह्याला गेलो आणि भोरवरून परत आलो. पुण्यातली पुष्कळ माणसे एवढा प्रवास पाहुण्याला पोचवायला म्हणून करतात. शिवाय चार ओळी लिहून दुसऱ्याला वाचायला देणारा आमच्या घरातला मी पहिलाच. माझे वडील करमाळ्याच्या बाजारात शिवणयंत्र घेऊन बसतात आणि सहीपुरते लिहितात. माझ्या लिहिण्यात जे कच्चे राहील ते वाचकांनी पदरात घ्यावे. मी शेवटी हो म्हणालो ते एवढ्याचसाठी, की आमच्या रेणुसे सरांविषयी मैदानावर पुष्कळ बोलले जाते, आणि बोलणाऱ्यांपैकी त्या रस्त्याला गेलेले फार थोडे आहेत.

रेणुसे सर आमच्या कॉलेजात लांब पल्ल्याचे धावणे शिकवतात. त्यांचे गाव वेल्ह्याच्या अलीकडची एक वाडी. सुट्टीत आठ दिवस आम्हा चौघा मुलांना त्यांनी तिथे सरावाला नेले. चौघांत शहरातले दोघे भाऊ होते, मी होतो, आणि बबन ओव्हाळ होता. खरे तर शिबिर बबनसाठीच होते. आम्ही तिघे त्याच्या सोबतीला होतो आणि हे आम्हाला ठाऊक होते. विद्यापीठाच्या मॅरेथॉनसाठी सुट्टी संपताच नाव द्यायचे होते. सरांचा नियम असा, की सबंध सव्वीस मैल एकदा त्यांच्या नजरेसमोर धावल्याशिवाय कुणाचे नाव द्यायचे नाही. वाडीजवळच्या ओढ्यापासून भोरच्या वेशीपर्यंत बरोबर सव्वीस मैल भरतात असे ते सांगत. शेवटच्या दिवशी बबनने ते धावायचे, असे ठरले होते.

वेल्हे

नसरापूर सोडल्यावर रस्ता गुंजवणीच्या खोऱ्यात शिरतो. आमच्याकडे माणूस कुठेही उभा राहिला तरी त्याला चारी बाजूंना आभाळ टेकलेले दिसते. इथे आभाळ वर राहते आणि चारी बाजूंना डोंगर. भात कापून झाला होता. रिकाम्या खाचरांत पावटा उभा होता, आणि सगळ्याच्या डोक्यावर तोरणा. एस.टी.तून उतरल्यावर मी बराच वेळ मान वर करून उभा राहिलो. सर म्हणाले, "बघून घे. उद्यापासून खाली बघून पळायचंय. रस्त्यात दगड आहेत."

सरांचे थोरले बंधू वाडीत शेती बघतात. त्यांना सगळे दादा म्हणतात. दिवाळीपासून त्यांना खोकला धरला होता, तरी दिवसभर काही ना काही चाललेलेच. वहिनींनी पहिल्याच रात्री माझ्या पानात ज्वारीची भाकरी वाढली आणि बाकीच्यांना आंबेमोहोर भात. मी करमाळ्याकडचा, मला भात सोसणार नाही, असे त्यांना वाटले होते. ज्वारी त्यांनी मुद्दाम बाजारातून आणवली होती. आमच्या घरी भात होतो तो सणाला, नाहीतर कुणी आजारी पडले तर. त्या भाताचा वास सगळ्या घरात भरला होता, आणि मी निमूटपणे भाकरी मोडत होतो. दुसऱ्या दिवशी बबननेच सांगून टाकले, "वहिनी, त्यालाबी भात वाढा. काल रातभर आमच्या ताटाकडं बघत हुता."

"अगं बया! मग बोलायचं न्हाई का रं लेकरा?" वहिनी म्हणाल्या, आणि त्यानंतर आठ दिवस माझ्या पानात भाताचा डोंगर होत असे.

सरांविषयी जे समजले ते वहिनी आणि दादा यांच्याकडून. सर स्वतः काही सांगत नाहीत. लहानपणी ते वाडीतून वेल्ह्याला पळत जात आणि पळतच परत येत. काम असे नाही, त्यांना चालायचा कंटाळा होता. "ह्याला मी बाजारातनं मीठ आणाया धाडायचो," दादा म्हणाले, "तर मीठ यायचं लवकर, पर निम्मं वाटंवर सांडलेलं." पुढे मार्गासनी, मग नसरापूर, असा पल्ला वाढत गेला. लोक म्हणत, रेणुशांचे पोर बिघडले, बाहेरचे झाले असेल, देवऋषाला दाखवा. आईने दाखवलेही. देवऋषी म्हणाला, ह्याला काही झालेले नाही, ह्याचे पाय रिकामे आहेत, ह्याला नांगराला धरा.

नांगराऐवजी ते पलटणीत भरती झाले. तिथल्या पहिल्याच चाचणीत सगळ्यांच्या पुढे परत आले आणि पुन्हा रांगेत जाऊन उभे राहिले, कारण अजून एक फेरी असेल असे त्यांना वाटले. मग सैन्यातल्या शर्यती झाल्या, मग दिल्लीची मोठी मॅरेथॉन. तिच्यात ते दुसरे आले. पहिला आलेला शर्यतीसाठी परदेशी गेला. सर रजेवर घरी आले आणि भात लावायला लागले. दोन वर्षांनी उजवा गुडघा गेला. पलटण सुटली तेव्हा आमच्या कॉलेजाने त्यांना घेतले, पण पहिली दोन वर्षे त्यांच्याकडे कुणी फिरकले नाही. सगळ्यांना क्रिकेट हवे होते. ते पहाटे मैदानावर येत आणि एकटेच उभे राहून घरी जात. एका संध्याकाळी लायब्ररी बंद व्हायच्या आत पुस्तक मिळावे म्हणून एक मुलगा फाटकातून पळत गेला. सर त्याच्यामागून लायब्ररीत गेले आणि त्याचे पुस्तक घेऊन होईपर्यंत दाराशी थांबले. तो बबन.

सरांचे शिकवणे मैदानाबाहेरच्या माणसाला विचित्र वाटेल. ते आम्हाला बोलत पळायला लावतात. "बोलता येईना झालं की समजायचं, आपण उधारीवर पळतोय." त्यामुळे वेल्ह्याच्या रस्त्यावर आम्ही पिके, परीक्षा, चंद्रावर उतरलेली माणसे, सगळ्यावर बोलत पळत असू. थोड्या वेळाने मी गप्प होई, मग ते दोघे भाऊ, आणि लांब पुढे गेलेला बबन एकटाच काहीतरी मोठ्याने म्हणत असे. इतिहासाच्या सनावळ्या, असे त्याने नंतर सांगितले.

मार्गासनी

चौथ्या दिवशी मार्गासनीपर्यंत जाऊन परत यायचे होते. बबन नेहमीसारखा पुढे. मी गावाजवळ पोचलो तेव्हा तो वळून माघारी जाताना मला भेटला आणि हात करून निघून गेला. गावाच्या कडेला एका खळ्यावर नाचणी झोडपणे चालले होते. माणसे काम टाकून उभी होती. एक म्हातारी पदर डोक्यावरून पुढे ओढून कुणालातरी घरात जाऊन लुगडे बदलायला सांगत होती. मला वाटले, गावात काही झाले असावे. आपण परके, विचारावे कसे, म्हणून मी तसाच वळलो.

उलगडा दुपारी झाला. आम्ही जेवून अंगणात पडलो होतो. दादा पावट्याच्या शेंगा सोलत बसले होते. एस.टी. वळणावर थांबल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ बायांच्या रडण्याचा. सात-आठ माणसे वाडीकडे चढत होती. पुढे ती म्हातारी. "माझ्या दादा रंऽऽ, कसा रं गेलास!" असे म्हणत ती अंगणाच्या तोंडाशी आली, आणि दादांनी शेंगांवरून मान वर केली.

"कोन गेलं, आत्याबाई?"

म्हातारीचा हात वरच्या वरच राहिला. मागचा एक जण म्हणाला, "आरं, ह्यो तर बसलाय!"

"बसू नको तर काय करू? अजून निजवला न्हाई मला कुणी." दादांना हसू आवरेना आणि हसताना खोकला. "या, आलाच हाय तर शेंगा सोला."

मग हळूहळू कळले. सकाळी म्हातारीने बबनला वेल्ह्याच्या बाजूने एकट्याने पळत येताना पाहिले. तो भोरच्या ओव्हाळांचा, हे तिने ओळखले. त्याचा आजा सखा ह्याच खोऱ्यातला. गावात कुणी गेले की सोयऱ्याधायऱ्यांना तो सांगावा पोचवायचे काम त्याच्या घराकडे असे, आणि सखा ह्याच रस्त्याने पळे. "पळायची ढब तीच की वो, जरा डाव्या अंगाला कलून," म्हातारी म्हणाली. "म्या हाक दिली, कोन गेलं रं? पानी तरी पी. तर ह्यानं हात हलवला आन् थांबला न्हाई. मग म्या वळखलं." सांगावा आणणारा माणूस वाटेत पाणी घेत नाही, बसत नाही, दुसऱ्याच्या दारात थांबत नाही. सरांनी शिकवलेला धावणाराही थांबत नाही. वेल्ह्याकडून आला म्हणजे कोण, तर दिवाळीपासून खोकणारे रेणुसे दादा. गावाने सगळा हिशेब बरोबर केला होता.

आलेल्या माणसांना तसे कसे पाठवायचे? वहिनींनी पुन्हा चूल पेटवली. आमच्याकडे असे झाले असते तर भांडण झाले असते. इथे दादांना आपल्या माघारी कोण किती रडणार हे जिवंतपणी बघायला मिळाले, याचा आनंदच जास्त झाला. "आत्याबाईचं रडनं झ्याक," ते सारखे म्हणत, "पर ह्यो गणपा नुसताच तोंड पाडून आला. पुढल्या खेपंला रडायचं रं बाबा." सगळे पोट धरून हसले. सरही हसले.

बबन मात्र हसला नाही. तो गोठ्याच्या बाजूला जाऊन बसला होता. मी गेलो तेव्हा म्हणाला, "माझ्या आज्ज्याला मी बघितलंबी न्हाई रे. पळायची ढब म्हणे तीच." आणि मग, "हे भोरात कळायला नको."

पण दुसऱ्या दिवशी बाजार होता, आणि अशी गोष्ट बाजारात गेल्यावर कुणाच्या हातात राहत नाही.

पुन्हा वेल्हे

सहाव्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीने बबनचे वडील आले. रामभाऊ ओव्हाळ भोरमध्ये गवंडीकाम करतात. धुतलेला पांढरा सदरा, खिशाला पेन. दादा उठून उभे राहिले, घोंगडी टाकली. वहिनींनी सगळ्यांना दिल्या तशाच कपबशीतून त्यांना चहा दिला. रामभाऊ आधी उभेच होते. मग घोंगडीवर नीट मांडी घालून बसले आणि बशीत चहा ओतत म्हणाले, "बसून पितो. मी काय कुणाचा सांगावा घेऊन आलेलो न्हाई."



चहा संपवून ते सरांकडे वळले. "सर, तुमी चांगलं मानूस. पोरगा तुमचं नाव सारखं काढतो. पर मी त्याला न्यायला आलोय."

"झालं ते चुकून झालं, रामभाऊ," सर म्हणाले. "लोकांचा समज झाला."

"चुकून कसं? माझा बाप ह्याच रस्त्यानं पळला. म्याबी पळालोय, धा-बारा वर्षांचा असताना. पाऊस असू दे न्हाईतर ऊन. ज्याच्या दारात गेलो त्यानं रडायचं, आन् आमी वळचणीला उभं राहून वाट बघायची, कोन भाकरी टाकतंय का. तेरा वर्षं झाली, आमी धम्म घेतला आन् ते काम टाकलं. त्यापायी गावाशी वाकडं घेतलं, भोरला गेलो, थापी हातात धरली. पोराला पुन्याला धाडला त्यो शिकायला. आन् तुमी त्याला नेमकं त्याच रस्त्यानं पळाया लावलं. बाजारात मला मानसं इचारत्यात, काय रामा, सखाचं काम पुन्ना धरलं का घरात?"

सरांनी अंगणातून खालच्या रस्त्याकडे पाहिले. मग म्हणाले, "मी पोरपणी ह्याच रस्त्यावर पळायचो. मला कुणी कधी विचारलं नाही, कोण गेलं म्हणून. मला म्हणायचे, रेणुशांचं पोर बिघडलं."

"मग झालं की," रामभाऊ म्हणाले. "तुमचं बिघडतं. आमचं वळनावर आलं म्हनत्यात."

बबन आतून पिशवी घेऊन आला. त्याने वडिलांशी एका शब्दाने वाद घातला नाही. सरांच्या पाया पडायला वाकला तर सरांनी त्याचा दंड धरून त्याला उभे केले. ते दोघे रस्त्याकडे उतरत गेले. सर तिथेच अंगणाच्या कडेला उभे राहिले. एस.टी. निघून गेली तरी उभे होते.

संध्याकाळी मला म्हणाले, "ह्याच्यासारखा पोरगा मला पुन्हा मिळायचा नाही. पण ते सोड. मी वीस वर्षं ह्या रस्त्याला माझा रस्ता म्हणत आलो."

भोर

सातव्या दिवशी सर भोरला निघाले. मला म्हणाले, चल. मी का, असे मला वाटले. पण एकट्याने जायला त्यांनाही बरे वाटत नसावे. वाटेत भाटघरच्या धरणाची भिंत दिसली. आमच्याकडे पाणी म्हणजे तळ दिसणारी विहीर. एवढे पाणी कुणाच्याही रानाला न लागता नुसते पडून आहे, हे बघून मला उगीच राग आला.

भोरला राजवाड्याच्या पुढच्या आळीत एका शाळेची भिंत गिलाव्याला घेतली होती. रामभाऊ गवंड्यांच्या बांबूच्या पहाडावर उभे होते. सरांना पाहून ते उतरले नाहीत. "हातातला माल वाळंल," एवढेच म्हणाले. सर वाळूच्या ढिगावर बसले, शेजारी मी. पाऊण भिंत होईपर्यंत आम्ही बघत राहिलो. थापी भिंतीवरून अशी फिरत होती की माझी दोनदा मान तिच्याबरोबर फिरली. शेवटी रामभाऊ खाली आले, हात धुतले, आणि समोर उकिडवे बसले.

"बोला सर."

"मी समजूत घालायला आलो नाही," सर म्हणाले. "विचारायला आलोय. बबननं पळावं असं तुम्हाला कशानं वाटेल?"

"कशानंच न्हाई."

"बरं."

दोघेही बसून राहिले. मला उठून जावेसे वाटत होते. एका पोराने तीन चहा आणून ठेवले. रामभाऊंनी पहिला सरांच्या हातात दिला.

"त्याला आवडतं का पळायला?" त्यांनी एकाएकी मला विचारले.

मी गडबडलो. म्हणालो, "पळताना तो सनावळ्या म्हणतो. त्याला सगळ्या पाठ झाल्यात."

रामभाऊंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हलले. "सनावळ्या?" मग सरांकडे वळून म्हणाले, "त्या रस्त्यानं तुमी त्याच्यासंगं पळाल? मानसांदेखत, दिवसाउजेडी?"

"पळेन. तो पुढं आणि मी मागनं..."

"न्हाई न्हाई. पुढं आमचा आजा मामलेदाराच्या घोड्यापुढं पळायचा. आन् तुमी मागं लागला तर लोक म्हनतील, ह्यानं काय चोरलं?" ते स्वतःच हसले. "बरोबरीनं. खांद्याला खांदा. हाय कबूल?"

सरांनी आपल्या उजव्या गुडघ्याकडे पाहिले नाही. मी पाहिले.

"कबूल," ते म्हणाले.

"तसं झालं तर मी इचार करीन. आत्ता हो म्हनत न्हाई." रामभाऊ उठले आणि पुन्हा पहाडावर चढले. बबनला त्यांनी त्याच संध्याकाळी आमच्याबरोबर पाठवले.

वेल्हे ते भोर

ओढ्यापाशी सकाळी धुके होते. दोघांनी कॉलेजचे सारखे बनियन घातले होते. सरांचे पोटावर जरा ताणलेले. मी भाड्याच्या सायकलवर पाण्याचा डबा आणि लिंबे घेऊन मागून. ते दोघे भाऊ आदल्याच दिवशी पुण्याला परत गेले होते. दादा ओढ्यापर्यंत आले आणि सरांना म्हणाले, "इठ्ठला, चाळिशी झाली. मानसं चंद्रावर चालली, तू भोरलाच जाऊन ये, पर जित्ता ये. आत्याबाईला लई तरास द्यायचा न्हाई."

निघाल्यापासून ते दोघे बोलत होते. बबन सनावळ्या म्हणत होता आणि सर मुद्दाम चुकीच्या दुरुस्त्या सुचवत होते. सरांचा वेग बबनपेक्षा कमी, पण बबन पाऊल आवरून धरत होता. खरोखरच खांद्याला खांदा होता. शेतांत वाकलेली माणसे उभी राहत. एका बैलगाडीवाल्याने गाडी कडेला घेऊन विचारले, "मास्तर, कोन गेलं वो?"

"कुणी नाही, आम्हीच चाललोय," सर न थांबता ओरडले.

"मग बसा की गाडीत!"

मार्गासनीला आत्याबाई तांब्या घेऊन रस्त्यातच उभी. तिला बघून बबन बिचकला. सर थांबले. लांब पल्ल्याच्या धावण्यात असे मध्येच थांबत नाहीत, हे त्यांनीच आम्हाला शंभर वेळा सांगितले आहे. "थांब. पाणी घे," ते बबनला म्हणाले. बबनने ओंजळ पुढे केली तर म्हातारी म्हणाली, "ओंजळ कशाला? धर तांब्या." तो प्यायला. मग शेंगा आल्या, मग गूळ, मग कुणी चहाचे म्हणाले. मी सायकलवरून उतरून सगळ्यांना हात जोडले, तेव्हा कुठे आम्ही सुटलो. माझ्या खिशात मात्र शेंगा कोंबल्या गेल्याच.

कापूरहोळच्या पुढे सर बोलायचे थांबले. बबनच्या ते आधी लक्षात आले. "सर, सन सांगा की." सरांनी मान हलवली. भाटघरजवळच्या चढावर त्यांचा उजवा पाय टेकता टेकता वाकला आणि ते रस्त्याच्या कडेला दगडावर बसले. गुडघा सुजून चेंडूसारखा झाला होता.

"तू जा," ते बबनला म्हणाले. "चार मैल उरलेत. वेळ चांगली आहे. रामभाऊंना मी सांगतो."

"न्हाई."

"अरे, नाव द्यायचं तर सबंध धावायला लागतं. माझाच नियम आहे."

"आबांचा नियम येगळा हाय," बबन म्हणाला. आबा म्हणजे त्याचे वडील. त्याने सरांचा हात आपल्या खांद्यावर घेतला. मी सायकल देऊ केली. सर म्हणाले, सायकलवर बसलो तर बरोबरीने कसे? अशा रीतीने शेवटचे चार मैल ते दोघे चालले. कधी सर थांबत तेव्हा बबन थांबे. माझ्या मनात एकच होते, की आता सगळे गेले. धावणेही पुरे झाले नाही आणि रामभाऊंची अटही.

भोरच्या वेशीशी रामभाऊ उभे होते. कामावरून तसेच आलेले, हाताला चुना.

"पळत येनार व्हता न्हवं?"

"पळालो," सर म्हणाले. "भाटघरपर्यंत. पुढं गुडघा आला नाही."

"मग ह्यो का न्हाई आला पळत?"

"तुमीच म्हनलात बरोबरीनं," बबन म्हणाला.

"येड्या, म्हनून गुडघ्याच्याबी बरोबरीनं?" रामभाऊ त्याच्यावर खेकसले. मग सरांच्या दुसऱ्या बाजूला गेले, त्यांचा दुसरा हात आपल्या खांद्यावर घेतला, आणि बाजारपेठेतून सगळ्यांच्या देखत त्यांना घरी नेले. घरी हळद तापवून गुडघ्यावर लेप घातला. जेवायला घातले. पण पळण्याविषयी एक शब्द काढला नाही. निघताना सरांनी विचारले तेव्हा म्हणाले, "सांगतो."

पुणे

कॉलेज सुरू झाले. बबन आला नाही. नाव द्यायला दोन दिवस उरले. सर काठी टेकत पहाटे मैदानावर येत आणि आम्हाला चकरा मारायला लावून फाटकाकडे बघत राहत. सव्वीस मैलांच्या नियमाचे आता ते नाव काढत नव्हते. मी विचारले, भोरला जाऊन येऊ का? म्हणाले, "नको. त्यांनी सांगतो म्हटलंय."

मला राहवेना. बबनची थोरली बहीण कमलताई दापोडीला राहते, तिचा नवरा कारखान्यात आहे, एवढे ठाऊक होते. शेवटच्या दिवशी दुपारी मी विचारत विचारत तिचे घर काढले. ती दारात धुणे वाळत घालत होती. मी कोण ते सांगितले आणि बबनची काही खबर आहे का, असे चाचरत विचारले.

"बबनची कशाला? आबाच आलेत की परवापास्नं हितं," ती म्हणाली. "डोकं उठवलंय माझं. काल सबंध दिवस मला घेऊन लष्करातल्या बाजारात हिंडले. पोराच्या पावलाचं माप सुतळीवर घेऊन आलेत. पाच दुकानं झाली. दुकानदार आपला बूट दाखवतोय, मी म्हनते, आबा, चांगले हायत, घ्या. तर आबा त्याला म्हनत्यात, 'हे चालायचे झाले. माझ्या मुलाला पळायचे दाखवा.'"